एमबीबीएस करून इतिहास कशाला?

"मॅडम, साडेपाच वर्षं हिच्या मागे उभा राहिलो. आता म्हणते, वैद्यकाचा इतिहास आणि समाज शिकायचाय!" करिअर समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वडिलांनी मार्कशीटची फाईल टेबलावर जवळजवळ आपटलीच. इंटर्नशिप करणारी मुलगी नखं कुरतडत गप्प. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

तिला एकटीला विचारलं, हे कधीपासून? ग्रामीण पोस्टिंगपासून. टीबीची एक पेशंट, नवी सून. गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात लपवायची. सासरी कळलं तर माहेरी धाडतील म्हणून. निदान अचूक, औषध फुकट, तरी कोर्स अर्धवट सुटला. "पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकाच्या पेपरात 'स्टिग्मा' (आजाराचा कलंक) लिहिलं की मार्क मिळतात, मॅडम. पण तिच्यासाठी मी काय करायला हवं होतं?"

वडिलांना वाटत होतं, मुलगी डॉक्टरकी सोडतेय. मी त्यांना 1897 साल सांगितलं. जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्याच वर्षी पुण्यात तपासणीच्या नावाखाली गोरे सोल्जर देवघरापर्यंत शिरले, लोक रोगी लपवू लागले आणि 22 जूनला प्लेगचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वर्षीचा साथरोग कायदा 2020 मध्ये कोरोनात पुन्हा बाहेर काढला. माणसं आजार का लपवतात, हा अभ्यासाचाच विषय आहे. दिल्लीत जेएनयूमध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत. ब्रिटनमध्ये तर काही मेडिकलचे विद्यार्थी मधलं एक वर्ष याच विषयाला देऊन परत वॉर्डात येतात.

मुलीलाही मोकळं सोडलं नाही. आधी इंटर्नशिप पुरी कर, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात घे. कर्ज काढून परदेशी जायचा विचार तूर्त नको. या वाटेवर दवाखान्यासारखी कमाई नाही, हे आत्ताच ऐकून ठेव. तिचा चेहरा उतरला. उतरू दे म्हटलं.

वडील बराच वेळ फाईलचा बंद ओढत बसले. मग म्हणाले, "आमची आजी सांगायची, प्लेगात घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडायचं. सगळे माळावर झोपड्या घालून राहिले होते. तिचा भाऊ तिथंच गेला."

"बाबा, हे मला कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

पुढच्या गुरुवारी दोघं येणार आहेत, फीचा हिशेब घेऊन.