एकाच तारखेला मुक्तिदिन, बलिदानदिन आणि वाढदिवस

फोंडा भागातल्या मराठी प्राथमिक शाळेतील एका शिक्षिकेने विचारले आहे: १९ डिसेंबरच्या दिनविशेषाच्या फलकावर मुलांनी तीन नोंदी केल्या. 'गोवा मुक्तीदिन', 'रामप्रसाद बिस्मिल पुण्यतिथी' आणि 'प्रतिभाताई पाटील जयंती'. शेवटच्या नोंदीवरून शिक्षकांत वाद झाला. हयात व्यक्तीची जयंती असते का? आणि तारखेने येणाऱ्या दिवसाला 'तिथी' कसे म्हणायचे?

बाई, तिसऱ्या नोंदीपासून सुरुवात करतो. माजी राष्ट्रपती प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४चा. त्यांच्या नावापुढे 'वाढदिवस' किंवा 'जन्मदिन' लिहावे. आजच्या मराठीत माणसाची जयंती तो गेल्यावरच होते आणि हा संकेत इतका पक्का आहे की हयात माणसाच्या नावापुढे 'जयंती' दिसले की घरचे लोक दचकतात. मात्र हा संकेत आहे, शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. 'जयंती' हा शब्द 'जि' म्हणजे जिंकणे या धातूपासून आला. श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आले की त्या योगाला धर्मशास्त्रात जयंती म्हणत. तोच कृष्णजन्माचा योग. पुढे तो शब्द नृसिंह, दत्त, परशुराम अशा देवांच्या आणि अवतारांच्या जन्मदिवसांना लागला आणि तिथून थोर माणसांना. त्यात मृत्यूचा संबंध कुठेच नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण दर चैत्र पौर्णिमेला व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो: हनुमंत चिरंजीव आहे, म्हणून 'हनुमान जयंती' म्हणू नका, 'जन्मोत्सव' म्हणा. 'जन्मोत्सव' हा सुरेख शब्द आहे, जरूर वापरावा. पण 'जयंती' चूक ठरवायला हे कारण पुरत नाही. परशुरामही सात चिरंजीवांपैकीच, आणि परशुराम जयंती आपण म्हणत आलो आहोत. माणसांसाठी रूढ झालेला संकेत देवांवर लादला, की असा घोळ होतो.

आता 'पुण्यतिथी'. आपली शंका रास्त आहे. हा शब्द तिथीनेच दिवस मोजणाऱ्या समाजाचा. तुकाराम बीज, एकनाथ षष्ठी, दासनवमी ही नावे पाहिली तर तिथी आणि संत इतके एकरूप झाले आहेत की 'पुण्यतिथी' हा शब्द उच्चारायचीही गरज उरत नाही. छापील कॅलेंडर घरोघरी आले, सरकारी सुट्ट्या तारखेने ठरू लागल्या, तेव्हा शब्द राहिला आणि मोजणी बदलली. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी म्हणताना त्या दिवशी कोणती तिथी होती, हे कोणी पाहत नाही. इतक्या वर्षांच्या वापरानंतर ते चूक म्हणणे मला पटत नाही. ज्यांना खटकते त्यांच्यासाठी 'स्मृतिदिन' आहेच. याच १ ऑगस्टला, त्याच १९२० साली, अण्णा भाऊ साठे जन्मले. म्हणजे फलकावर एकाखाली एक पुण्यतिथी आणि जयंती येणारच. तिथे क्रियापद सांभाळावे: जयंती साजरी करतात, पुण्यतिथी पाळतात. 'पुण्यतिथी उत्साहात साजरी' हे बातमीतले वाक्य मला दरवेळी टोचते.

तरीही बिस्मिलांच्या नावापुढे मी 'पुण्यतिथी' लिहिणार नाही. काकोरी प्रकरणात १९ डिसेंबर १९२७ रोजी रामप्रसाद बिस्मिलांना गोरखपूरला, अशफाकउल्ला खानांना फैजाबादला आणि रोशनसिंहांना अलाहाबादला फाशी दिले. मरण ओढवणे वेगळे आणि ते पत्करणे वेगळे, हा भेद करायला मराठीत 'बलिदानदिन' आणि 'हुतात्मा' हे शब्द आहेत. ते गुळगुळीत होऊ देऊ नयेत. आणि फलकावर एकट्या बिस्मिलांचे नको, तिघांचीही नावे हवीत. गोव्याला 'हुतात्मा' शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. १५ ऑगस्ट १९५५ला सीमेवर सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले, त्यांचे पत्रादेवीचे स्मारक मुलांनी पाहिलेले असते.

एकाच तारखेवर दोन भाव आले, तर वजन कशाला द्यायचे? याचे उदाहरण डॉ. राममनोहर लोहियांनीच घालून दिले आहे. १८ जून १९४६ला मडगावात सभाबंदी मोडून गोव्याच्या लढ्याला नवी धार देणारे लोहिया २३ मार्च १९१०चे. १९३१मध्ये त्याच तारखेला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. त्यानंतर लोहिया आपला वाढदिवस साजरा करत नसत. २३ मार्चच्या फलकावर 'लोहिया जयंती' जरूर लिहावी, पण दुसऱ्या ओळीत.

गोव्यात आणखी एक शब्द सांभाळावा लागतो, तो म्हणजे फेस्त, ख्रिस्ती संताचा वार्षिक उत्सव. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त भरते. कुणीतरी त्याचे 'जयंती' असे मराठी करून टाकतो, आणि ते साफ चूक आहे: ३ डिसेंबर १५५२ ही त्यांच्या मृत्यूची तारीख. ख्रिस्ती परंपरेत संताचे फेस्त बहुधा मृत्युदिनी असते. २४ जूनचे सांजांव त्याला अपवाद, कारण तो बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. पण म्हणून ३ डिसेंबरला 'पुण्यतिथी' लिहिण्याचीही गरज नाही. 'फेस्त' हा गोव्यातल्या सर्वांचा शब्द आहे, तोच ठेवावा. महापरिनिर्वाण दिनाच्या जागी जसा दुसरा शब्द चालत नाही, तसेच हे.

राहिली पहिली नोंद. 'मुक्तिदिन' हाच शब्द हवा, 'स्वातंत्र्यदिन' नव्हे. तो १५ ऑगस्टचा. १५१०पासूनची पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ला संपली आणि हा प्रदेश स्वतंत्र झालेल्या भारतात आला. मराठवाडाही १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळतो, त्याच अर्थाने.

लेखनाचे नियम थोडक्यात. सुटा शब्द 'मुक्ती', पण समासात 'मुक्तिदिन'. तसेच क्रांतिदिन, स्मृतिदिन. 'दिन'ची वेलांटी पहिली. दुसरी दिली की अर्थ 'गरीब' होतो. 'दिनविशेष' पुल्लिंगी असून अनेकवचनात रूप बदलत नाही: एक नोंद असेल तर 'आजचा दिनविशेष', तीन असतील तर 'आजचे दिनविशेष'.