वटवाघळात वाघ कुठून आला?

विचारणा एका आईची आहे. तिच्या सहावीतल्या मुलीनं विचारलं, "वटवाघूळ या नावात वाघ कशाला? ते तर उंदराएवढं असतं." आईला उत्तर सुचेना, आणि विचार करता करता तिचेच आणखी दोन प्रश्न निघाले. संध्याकाळी घरात शिरून गरगर फिरणाऱ्या छोट्या जीवाला सासूबाई "पाकोळी आली" म्हणतात, पण पुस्तकात पाकोळी हा पक्षी दिलाय. मग खरं कोणाचं? आणि अनेकवचन वटवाघुळं की वटवाघळं?

आधी वाघाचा निकाल लावू. वाघूळ या शब्दात वाघ नाही. वाघ आला संस्कृतातल्या व्याघ्रावरून आणि वाघूळ आलं वल्गुलीवरून. वल्गुली म्हणजे संस्कृतात वटवाघूळच. पाली भाषेत तिची वग्गुली झाली. जोडाक्षराचं आधी द्वित्त होतं, म्हणजे एकच अक्षर दुहेरी होतं, मग त्यातलं एक गळतं आणि मागचा स्वर लांबतो, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. सप्त, सत्त, सात. अंगावर घ्यायची वाकळही वल्कलापासून अशाच वाटेनं आली असं सांगतात. दोन स्वरांमधल्या ल चा मराठीत ळ होतो, फल-फळ, काल-काळ. म्हणजे हिशोबानं आपल्या हाती 'वागूळ' यायला हवं होतं. गुजरातीत बघा, तिथं 'वागोळ' आहे, ग शाबूत. सिंहलीत 'ववुला' म्हणतात, तेही याच घरातलं.

मग मराठीत ग चा घ कुणी केला? माझं मत असं, की वाघानंच केला. म्हणजे जंगलातल्या नव्हे, डोक्यातल्या. वल्गुली विस्मरणात गेली, 'वागूळ' या आवाजाला काही अर्थ लागेना, आणि शेजारीच वाघासारखा दणदणीत ओळखीचा शब्द उभा होता. माणसाच्या जिभेला निरर्थक शब्द फार काळ सोसत नाही. ती त्यात काहीतरी ओळखीचं शोधते आणि शब्दाला तिकडे ओढून नेते. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. हे एकट्या वाघळाचं झालं असंही नाही. हरणं धरायच्या पारध्याच्या जाळ्याला संस्कृतात वागुरा म्हणतात. मराठीत त्याची वागूर झाली आणि वाघूरही झाली. त्या जाळ्यातही वाघ असाच फुकटचा अडकलाय.

हिंदीकडे पाहिलं की गंमत वाढते. तिकडचा चमगादड़ म्हणजे मुळात चामड्याचा प्राणी, पण पुष्कळ लोक 'चमगीदड़' म्हणतात. चाम खरं, गीदड़ घुसवलेला. म्हणजे त्याच एका बिचाऱ्याच्या नावात त्यांनी कोल्हा पाहिला, आपण वाघ पाहिला. चामड्याची कल्पना मात्र फार जुनी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात वटवाघळाला 'जतुका' आणि 'अजिनपत्रा' अशी नावं आहेत. अजिन म्हणजे कातडं, पत्र म्हणजे पंख. ज्यानं कुणी हे नाव दिलं त्यानं पंख जवळून पाहिला होता. गुजरातीतलं 'चामाचीडियुं' म्हणजे तर सरळ चामड्याची चिमणीच.

युरोपात बहुतेकांना उंदीर दिसला. जर्मन नावाचा अर्थ फडफडणारा उंदीर, फ्रेंच नावाचा टकला उंदीर, स्पॅनिश नावाच्या मुळाशी आंधळा उंदीर. लॅटिनवाल्यांनी उंदीर टाळून संध्याकाळ पकडली, त्यांचा शब्द सांजवेळेवरून आला. चिनी माणसाला यातलं काहीच दिसलं नाही, त्याला नुसतं ऐकू आलं. त्याच्या भाषेत वटवाघळाच्या नावातलं 'फू' आणि सुखसमृद्धीचं 'फू' उच्चाराला सारखंच. म्हणून तिकडे भांड्यांवर, कपड्यांवर पाच वटवाघळांची नक्षी काढतात, पाच सुखं घरात यावीत म्हणून. आपल्याकडे नावाच्या आवाजानं वाघ आणला, तिकडे त्यानंच लक्ष्मी आणली.

वल्गुलीचं एक नातं मला स्वतःला फार आवडतं. हा शब्द 'वल्ग्' या धातूवरून आला असं कोशकार सांगतात. वल्ग् म्हणजे उसळणं, उड्या मारणं. त्याच धातूची आपल्या वापरातली लेक म्हणजे वल्गना. संस्कृतात वल्गन म्हणजे खरीखुरी उडी, मराठीत येईपर्यंत ती उडी फक्त तोंडाची राहिली. तेव्हा निवडणुकीच्या सभेतली वल्गना आणि वडाला लटकलेलं वाघूळ ही भावंडं. एक उलटं टांगलेलं असतं, दुसरीचं काय ते ज्यानं त्यानं ठरवावं.

लटकण्यावरून आठवलं. पाली जातककथांत 'वग्गुलिवत' असा शब्द येतो, म्हणजे वल्गुलिव्रत, वटवाघळासारखं लोंबकळत राहायचं तप. आणि मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात काय चोरलं की पुढचा जन्म कुठला, याची एक यादी आहे. त्यात गूळ चोरणाऱ्याला 'वाग्गुद' व्हावं लागतं. वाग्गुद म्हणजे फळं खाणारं मोठं वटवाघूळ, असा अर्थ लावतात. शिक्षा म्हणून ही जरा सौम्यच वाटते. गोड खायची सवय होती, ती पुढच्या जन्मी बिनबोभाट भागणार!

आता 'वट'. इथं गुंतागुंत नाही, वट म्हणजे वड. बोलण्यात वडवाघूळही ऐकू येतं आणि मला तेच जास्त घरगुती वाटतं. वाघूळ हा झिजून गोटा झालेला शब्द, त्याच्यापुढे वट हा सोवळ्यातला. पण हे नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. बाकीच्यांनी प्राण्याचं कातडं पाहिलं, तोंड पाहिलं, आपल्या माणसानं त्याचा पत्ता लिहून ठेवला. मोठी वटवाघळं दिवसभर वड, पिंपळ, चिंच, आंबा अशा थोराड झाडांना शेकड्यांनी लटकतात, किचकिचतात, भांडतात, उन्हाच्या वेळी पंखांनी वारा घेतात. रात्री वडाची लालबुंद फळं खातात आणि बिया कोसभर लांब टाकून येतात. जुन्या बुरुजाच्या भेगेतून, देवळाच्या शिखरावर वडाचं रोपटं उगवतं ना, ते लावणाऱ्यांत पक्ष्यांसोबत हेही असतात. म्हणजे वडाला वाघूळ आणि वाघळाला वड. समास कसा सोडवायचा ते व्याकरणवाल्यांनी ठरवावं.

पाकोळीच्या प्रश्नाशी मला जास्त वेळ घालवायचाय, कारण तिथं तुमच्या सासूबाईही बरोबर आहेत आणि पुस्तकही.

आमच्या गावच्या घरी दिवेलागणीला माळवदाच्या खणातून एखादी पाकोळी सुटायची आणि माजघरात फेर धरायची. आम्ही पोरं केस धरून ओरडत पळायचो. 'पाकोळी केसात अडकली की भादरावं लागतं' हे आम्हाला कुणी सांगितलं होतं देव जाणे. आजी मात्र शांतपणे दिवा बारीक करायची, परसदार उघडायची आणि म्हणायची, "गप बसा रे, तिची ती जाईल." ती जायची. त्याच आजीला परसातल्या उंबरावर मोठं वाघूळ बसलेलं चालायचं नाही. "घरावर सावली नको त्याची," म्हणून ती घमेलं वाजवायची. एकाच जातकुळीतले दोन प्राणी, पण एकीला 'ती जाईल' आणि दुसऱ्याला घमेलं. मला वाटतं यातलं निम्मं काम नावांनीच केलंय. पाकोळी हा पाख, पाखरू, पाकळी या गोतावळ्यातला हलका, स्त्रीलिंगी शब्द. त्याला घाबरायचं कसं? वाघूळ म्हटलं की जबडाच दिसतो.

पक्ष्यांच्या पुस्तकातली पाकोळी म्हणजे कोयत्यासारख्या लांब पंखांचा काळपट पक्षी. जुन्या इमारतींच्या छताला, पुलांखाली, देवळांच्या कमानीत त्यांच्या पिसा-काडीच्या घरट्यांची वसाहत असते. त्याचे पाय इतके तोकडे की तो तारेवर, फांदीवर बसू शकत नाही, भिंतीला नुसता चिकटतो. उडता उडता किडे टिपणं हा त्याचा धंदा. आता छोट्या वटवाघळाचं वर्णन करा: काळपट, जुन्या इमारतीत राहणारं, पाय चालायला फारसे कामाचे नसलेलं, भिंतीला चिकटणारं, उडता उडता किडे खाणारं. तिन्हीसांजेला पक्षी घरट्यात शिरत असतात आणि त्याच अंगणातून ही बाहेर पडत असतात, पाळी बदलावी तशी. अंधुक उजेडात वर बघणाऱ्या माणसानं दोघांना एक नाव दिलं, यात अज्ञान नाही. त्यानं पिसं आणि कातडं असा भेद केला नाही, उडण्याच्या तऱ्हेवरून नाव दिलं. फुलपाखरालाही पाकोळी म्हणणारे लोक आहेत. भिरभिरतं ते सगळं पाकोळी.

तेव्हा उत्तर असं: बोलीत लहान, किडे खाणारं वटवाघूळ म्हणजे पाकोळी, हे चुकीचं नाही. पक्ष्यांविषयी लिहिताना पाकोळी म्हणजे तो पक्षी, हेही ठरून गेलंय. एकाच परिच्छेदात दोघं येणार असतील तरच खुलासा करा.

मात्र मराठीची झोळी इथं जवळजवळ संपते. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत आणि आपल्याकडे रोजच्या वापरात दोन-तीन नावं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीच्या रानात, बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथं सापडलेल्या एका जातीचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं. पुढे कित्येक दशकं ही जात जगात फक्त तिथंच आहे अशी समजूत होती. शास्त्रीय नाव मिळालं ते रॉटन नावाच्या गोऱ्या वनाधिकाऱ्याच्या नावावरून. मराठी बोलणाऱ्या मुलखाच्या उशाशी राहूनही तिला पुस्तकात छापण्याजोगं मराठी नाव नाही.

ही उणीव भरून काढायला वर्तमानपत्रं पुढे सरसावतात आणि 'उडता कोल्हा' लिहितात. हा इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला प्राणी आहे. तोंड कोल्ह्यासारखं असतं हे खरं, पण ज्याला आपण शेकडो वर्षं वटवाघूळ म्हणत आलो तोच हा! फळांवर जगणाऱ्या सगळ्यांसाठी मिळून शब्द हवा असेल तर 'फळवाघूळ' चांगला आहे, कुणालाही कळतो. तसंच त्या रक्तपिपासूंचं. रक्त पिणाऱ्या जाती जगात तीनच आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत, मेक्सिकोपासून खाली. आपल्या मोठ्या वटवाघळाच्या फोटोखाली 'रक्तपिपासू' लिहिणाऱ्यानं त्याला निदान एक पेरू देऊन बघावा.

पण शब्दाला चिकटलेली भीती अशा दुरुस्त्यांनी सुटत नाही, हे २०२० नंतर सगळ्यांनी पाहिलं. करोनाच्या बातम्यांत वटवाघूळ आलं. पुढच्या वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं सांगितलं, की मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून तपासलेल्या वटवाघळांत निपा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. शोध महत्त्वाचा होता, गुहेत शिरू नये आणि उष्टी फळं खाऊ नयेत हा सल्लाही रास्त. मला भाषेतली एक गोष्ट टोचली. त्या नमुन्यांत फळं खाणारी मध्यम आकाराची जात होती, तशी एका इवल्याशा कीटकभक्षी जातीतही प्रतिपिंडं सापडली होती. घरात आपण जिला पाकोळी म्हणतो तीच ही जातकुळी. पण मथळ्यात सगळीच 'वटवाघळं'. त्यामुळे लोक गावातल्या वडाकडे संशयानं बघू लागले आणि माजघरातली पाकोळी कुणाच्या ध्यानातही आली नाही. सरकारी भाषाही काही वेगळी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती, उपद्रवी म्हणून, कावळे आणि उंदीर यांच्या पंगतीत. म्हणजे मराठीनं जो उंदीर टाळला होता तो कायद्यानं शेजारी आणून बसवला. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच निघाली.

राहिलं अनेकवचन. वटवाघूळ नपुंसकलिंगी: ते वटवाघूळ. एकवचनात घू दीर्घ, ऱ्हस्व 'वटवाघुळ' चूक. तीन अक्षरी शब्दात मधला ऊ दीर्घ असेल तर सामान्यरूपात त्याचा अ होतो: लाकूड-लाकडाला, माणूस-माणसाला, कापूस-कापसाला. वाघूळ त्याच रांगेतलं, म्हणून वाघळाला, वाघळांनी आणि अनेकवचनही वटवाघळं. लाकुडं, माणुसं आपण म्हणत नाही, मग वटवाघुळं का म्हणावं? तरी लोक म्हणतात, छापतातही. शब्द लांब आहे आणि रोज तोंडात येत नाही, त्यामुळे मूळ रूप न मोडता मागे अनुस्वार लावून मोकळं व्हावंसं वाटतं. बोलताना कुणी म्हणालं तर मी टोकत नाही. लिहिताना मात्र वटवाघळं लिहा.

आणि मुलीला एवढं नक्की सांगा, की तिनं पाहिलेलं ते उंदराएवढं म्हणजे पाकोळी. वटवाघूळ पाहायचं असेल तर सूर्य बुडाल्यावर एखाद्या जुन्या वडापाशी तिला घेऊन उभ्या राहा. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फूट भरतात. वाघ कुठून आला हे तिला तेव्हा न सांगताही कळेल, व्युत्पत्ती काहीही असो.