वाचक विचारतात: न्यूयॉर्कच्या सबवेचे 'रायटर'

गेल्या अंकात १९७०-८० च्या दशकांतल्या न्यूयॉर्क सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, रंगवलेल्या गाड्यांवर टिपण छापलं होतं. चोरून या गाड्यांवर आपली टोपणनावं लिहिणारी, रंगवणारी मुलं म्हणजे 'रायटर'. त्यावर आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, पुणे): या मुलांच्या नावांपुढे आकडे कसले? आणि सुरुवात नेमकी कोणी केली?

आकडे बहुतेक राहत्या रस्त्याचे. टाकी १८३ हा वॉशिंग्टन हाइट्समधल्या १८३व्या रस्त्यावरचा ग्रीक घरातला मुलगा. निरोप्याचं काम करताना तो शहरभर फिरे आणि जिथे जाई तिथे मार्करने नाव लिही. २१ जुलै १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली आणि मग शेकडो पोरांनी मार्कर उचलले. मात्र त्याला पहिला म्हणता येत नाही. त्याच्या आधी जूलिओ २०४ लिहीत होता, आणि फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड १९६० च्या दशकातच भिंती भरवत होता. मुलीही होत्या: बार्बरा ६२ आणि इव्हा ६२ अगदी सुरुवातीच्या, लेडी पिंक १९७९ पासूनची. पुढे फेज २ सारखी रस्त्याशी संबंध नसलेली नावंही रूढ झाली.

प्रश्न (साइनबोर्ड रंगवणारे एक वाचक, नाशिक): साध्या स्प्रे कॅनमधून इतकी रुंद, भरीव रेघ कशी निघायची? आणि रंग ओघळत कसा नव्हता?

ओघळायचा. सुरुवातीच्या गाड्यांचे फोटो बारकाईने पाहिलेत तर ओघळ दिसतील.

रुंदीचं गुपित कॅनच्या तोंडावरच्या कॅपमध्ये. रंगाच्या कॅनला येणारी कॅप बारीक फवारा देई. ओव्हन साफ करायच्या फोमची किंवा कपड्यांच्या स्टार्चची कॅप काढून रंगाच्या कॅनवर बसवली की तळहाताएवढा पट्टा पडे. १९७२ च्या सुमारास सुपर कूल २२३ याने अशी कॅप वापरून जाड, दोन रंगांतलं मोठं नाव काढलं. पहिला 'पीस', म्हणजे मास्टरपीस, काढण्याचा मान बहुतेक जण त्यालाच देतात. त्याच वर्षी फेज २ने फुग्यासारखी गोल अक्षरं आणली. रुंद कॅपशिवाय ती भरता भरता रात्र सरली असती.

रुंद कॅपला हात भरभर फिरवावा लागतो. तो रेंगाळला की एका जागी जास्त रंग बसतो आणि खाली येतो. बारीक, कडक कडेसाठी पातळ कॅप लावून कॅन पत्र्याच्या अगदी जवळ धरायचा आणि खांद्यापासून हात ओढायचा. लांब धरला तर कड धुरकट होते. ढग आणि छटांसाठी तीच धुरकट कड मुद्दाम वापरत.

थंडीत दोन अडचणी. कॅन गार पडला की आतल्या वायूचा दाब उतरतो आणि फवाऱ्याऐवजी थेंब थुंकले जातात. म्हणून कॅन जाकिटाच्या आत अंगाशी धरून ऊबदार ठेवत. दुसरं म्हणजे गार पोलादावर रंग सावकाश वाळतो, त्यामुळे पहिला थर ओला असताना वर दुसरा मारला की दोन्ही घसरतात. पत्र्यावर ब्रेकची लोखंडी धूळ आणि तेलकट थर असे. तो न पुसता रंगवलेला भाग लवकर सोलला जाई. काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबला तर कॅप चोंदत नाही. हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

कॅन क्रायलॉन, रस्ट-ओलियम, रेड डेव्हिल असे. बरेचसे दुकानातून चोरलेले, आणि त्या चोरीचाही त्यांच्यात तोरा असे. डब्यांच्या आतल्या टॅगसाठी, म्हणजे सहीसारख्या झटपट लिहिलेल्या नावासाठी, रुंद टोकाचे मार्कर, नाहीतर घरगुती जुगाड: रोल-ऑन डिओडरंटच्या रिकाम्या बाटलीत फळा पुसायच्या डस्टरचा फेल्ट कोंबून वर शाई.

प्रश्न (एक वास्तुविशारद, कोल्हापूर): अख्खा डबा एका रात्रीत, अंधारात, प्रमाणात कसा बसवत? मागे जाऊन पाहायला जागा तरी असे का?

नसे, आणि सगळी मेख तिथेच आहे. काम दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीत चाले. हात लांब केला तर पलीकडचा डबा लागावा इतकंच अंतर. वरच्या भागासाठी एक पाय या गाडीवर, दुसरा समोरच्या गाडीवर टेकवून उभं राहायचं. काढलेलं नाव पूर्ण दिसे ते दुसऱ्या दिवशी फलाटावरून, गाडी धावताना.

त्यामुळे माप डब्याकडूनच घ्यावं लागे. जुन्या आयआरटी (मूळच्या एका खाजगी कंपनीच्या) मार्गांचे डबे ५१ फूट लांब, बाजूला तीन दारं. इतर मार्गांचे बहुतेक ६० फुटी, चार दारांचे. दारं आणि खिडक्यांमधले पत्रे मोजून कुठलं अक्षर कुठून कुठवर हे आधी 'ब्लॅक बुक'मध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीच्या चित्रवहीत, ठरवायचं. हे न करणाऱ्याची खूण एकच: पहिली दोन अक्षरं ऐसपैस आणि शेवटचं कोपऱ्यात दाबलेलं. डबा कोणता यालाही महत्त्व होतं. सपाट पत्र्याचे 'फ्लॅट्स' सगळ्यांना हवे असत. १९६४ पासूनच्या आर-३२ सारख्या पन्हाळी स्टेनलेस स्टीलच्या डब्यांवर रेघ प्रत्येक खाचेत तुटते, तिथे कुशल हातही अडाणी दिसतो.

क्रम असा: फिक्या रंगात कच्ची आखणी, मग आतली भरणी, मग पार्श्वभूमीचे ढग, त्यावर अक्षरांची खोली, आणि अगदी शेवटी गडद अंतिम रेघ व पांढऱ्या चमका. अंतिम रेघ आधी मारली तर भरणीचा फवारा तिच्यावर बसून ती मळते. अख्ख्या डब्याला वीसेक कॅन आणि दोन-तीन जणांची जवळजवळ सगळी रात्र लागे. अंधूक दिव्यात जांभळा, निळा, काळा एकसारखे दिसत, म्हणून कॅन रंगांच्या क्रमाने लावून ठेवत.

खिडक्यांखालच्या पट्ट्यापुरतं काम ते 'विंडो-डाउन', छतापर्यंत गेलं की 'टॉप-टू-बॉटम', या टोकापासून त्या टोकापर्यंत 'एंड-टू-एंड', आणि दोन्ही साधलं की 'होल-कार'. डाँडी या रायटरचे १९८० चे अख्खे डबे अक्षररचनेच्या दृष्टीने आजही अभ्यासावेत असे आहेत. ली आणि त्याच्या फॅब्युलस फाइव्ह गटाने तर दहा डब्यांची संपूर्ण गाडी रंगवली.

काहींनी धोक्यांबद्दलही विचारलं. तिसऱ्या रुळात ६०० व्होल्टच्या वर डीसी प्रवाह असतो आणि त्यावरची फळी पाय घसरणाऱ्याला वाचवत नाही. बोगद्यात कोंडलेली रंगाची वाफ ठिणगीने पेटते. पोरं गाडीखाली सापडून मेली, भाजली. फोटोंच्या झगमगाटात हे विसरलं जातं.

प्रश्न (एक वाचक, सांगली): दुसऱ्याच्या नावावर लिहिलं तर भांडणं होत?

होत, मारामारीपर्यंत. संकेत असा की मोठं काम छोट्यावर चालतं, उलट नाही. टॅगवर थ्रो-अप, थ्रो-अपवर पीस, पीसवर होल-कार. थ्रो-अप म्हणजे दोन-तीन फुगीर अक्षरं, एक भरणी, एक रेघ, मिनिटाभरात पसार. १९८० च्या सुरुवातीला कॅप नावाच्या रायटरने चांगल्या पीसांवर मुद्दाम थ्रो-अप मारत हा संकेत धाब्यावर बसवला. सगळे त्याच्यावर खवळले होते.

प्रश्न (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ): डबे धुऊन काढायला प्रशासनाला इतकी वर्षं का लागली?

धुतले, पण चुकीच्या पद्धतीने. १९७२ मध्ये महापौर लिंडसे यांच्या काळात कायदा झाला आणि १९७३ मध्ये ताफा नव्याने रंगवला. परिणाम उलटा झाला: जुन्या टॅगांची गर्दी गेली आणि रायटरांना कोरा पत्रा मिळाला. मोठे, छतापर्यंतचे पीस बहरले ते यानंतरच.

१९७७ मध्ये कोनी आयलंडच्या यार्डात रासायनिक धुलाई आली. तिला 'बफ' म्हणत. तिने रंग निघे, पण अर्धवट. मागे करड्या-तपकिरी रंगाचा लगदा पसरे आणि डबा आधीपेक्षा घाण दिसे. आमच्या मते प्रवाशांच्या मनात 'घाणेरडी सबवे' ठसवण्यात बफचा वाटा टॅगांइतकाच आहे. १९८१ मध्ये महापौर कॉच यांनी काटेरी तारांची दुहेरी कुंपणं आणि कुत्रे आणले. पण न्यूयॉर्कची सबवे रात्रभर चालते आणि गर्दी ओसरली की जादा गाड्या बोगद्यातल्या मधल्या रुळांवर उभ्या करतात. या 'लेअप'ना कुंपण कसलं घालणार?

मात्रा लागू पडली ती १९८४ मध्ये डेव्हिड गन सबवेचे प्रमुख म्हणून आल्यावर. नियम साधा: एकदा स्वच्छ केलेला डबा रंग लागलेल्या अवस्थेत प्रवाशांसाठी सोडायचा नाही. डाग दिसला की पुसा, नाहीतर गाडी बाहेर काढा. एकेक गाडी, एकेक मार्ग करत हे लावलं. रात्रभर खपून काढलेलं नाव कुणाच्या नजरेलाच पडेना, तेव्हा खपण्यात अर्थ राहिला नाही. जोडीला नवे, पुसायला सोपे स्टेनलेस डबे आले. १२ मे १९८९ रोजी शेवटची रंगलेली गाडी सेवेतून निघाली. तुम्ही शेडमध्ये काम केलंय, तेव्हा गर्दीच्या वेळी गाडी रोखून धरायला वरून किती पाठबळ लागतं हे तुम्ही जाणताच.

प्रश्न (एक छायाचित्रकार, ठाणे): धावत्या गाडीचा अख्खा डबा एका सरळ फोटोत कसा आला?

एका फोटोत नाहीच. या गाड्यांचे छायाचित्रकार हेन्री चाल्फंट समोरच्या फलाटावर उभे राहत. गाडी थांबली की फलाटावरून सरकत चार-पाच एकमेकांवर चढणाऱ्या फ्रेम घेत आणि प्रिंट कापून जोडत. वाइड लेन्सने डब्याची टोकं वाकली असती, म्हणून ५० मिमीची लेन्स. ब्राँक्समधली उन्नत स्थानकं यासाठी सोयीची, कारण तिथे ऊन मिळे. मार्था कूपर यांची रीत वेगळी: रिकाम्या भूखंडांवर तासन्‌तास थांबून शहरासकट धावती गाडी टिपायची.

प्रश्न (अनेकांचा): आपल्याकडे असं झालं का?

तशी चळवळ नाही झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद मेट्रोचे डबे रंगवल्याबद्दल चार इटालियनांना अटक झाली, पण ते जगभर फिरून गाड्या रंगवणाऱ्यांपैकी. महाराष्ट्रात मालमत्ता विरूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, तेव्हा हौस असेल तर मालकाची लेखी परवानगी असलेली भिंत शोधा.

प्रश्न (एक कुटुंब, न्यू जर्सी): आज काय पाहायला मिळेल?

रंगलेली गाडी नाही. 'रेडबर्ड' म्हणून ओळखले जाणारे जुने सपाट डबे २००१ पासून डेलावेअरजवळ समुद्रात बुडवून त्यांचा माशांसाठी कृत्रिम खडक केला. ब्रुकलिनच्या ट्रान्झिट म्युझियममध्ये, जुन्या कोर्ट स्ट्रीट स्थानकात, त्या काळचे डबे आहेत, पण स्वच्छ केलेले. माप डोळ्यांनी घ्यायला मात्र उत्तम. चित्रकार मार्टिन वाँग यांनी १९९४ मध्ये दिलेल्या ब्लॅक बुक आणि कॅनव्हास 'म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क'कडे आहेत. त्या कायम मांडलेल्या नसतात, आधी चौकशी करा. तिथून चालत जाता येईल असं १०६वा रस्ता आणि पार्क अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं शाळेचं मैदान म्हणजे १९८० पासूनचं 'ग्राफिटी हॉल ऑफ फेम'. ६ नंबरच्या गाडीने १०३व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरा. फाटक बंद असलं तरी रस्त्याकडच्या भिंती बाहेरून दिसतात.