ताटावरून उठणारा माणूस

"ताई, थे दोन घास खाते न् उठते. माह्या हातची चवच गेली का?" सोयाबीनचा हिशेब झाला की यवतमाळकडच्या गावांत समुपदेशकाला ही काळजी हमखास ऐकू येते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशाच एका बाईंचा नवरा ४६ वर्षांचा, शेती ५ एकर. तीन आठवड्यांत वजन ६१ वरून ५७ किलो. कमरेचा करदोडा खाली घसरत होता. आदल्या दिवशीचं खाणं विचारलं: सहा कप चहा, चार खर्रे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), अर्धी भाकर. चहा-खर्ऱ्यानं भूक मरतेच, पण गोष्ट तेवढीच नव्हती. "घास थांबतो तेव्हा मनात काय येतं, भाऊ?" बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "पोरीची फी भरली नाही. भाकर कोन्या तोंडानं खाऊ?"

अशा माणसाला "जेवा ना जी" हा आग्रह टोचतो.

झोप उडालेली, कशातच मन नाही, तेही दोन आठवड्यांहून जास्त. म्हणून "जीव द्यावासा वाटते का?" हे सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. एकदा आला होता, म्हणाले. फवारणीचे डबे त्याच दिवशी भावाकडे कुलपात गेले, किल्लीही त्याच्याकडेच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये घातला. डॉक्टरांकडे पाठवलं, वजन घटलं की साखर, थायरॉईड, क्षयही तपासावे लागतात. (फवारणीनंतर मळमळ, घाम, लाळ सुरू झाली तर समुपदेशन नाही, डब्यासकट थेट दवाखाना.)

घरी बदल छोटेच. भरलं ताट नको; दर ३-४ तासांनी अर्धी भाकर, वाटीभर वरण. खर्रा जेवणाआधी नाही. कर्जाची वही संध्याकाळी ठरल्या वेळी, ताटावर नाही. बाई मागून जेवायच्या, म्हणजे ताटासमोर ते एकटेच. आता त्यांनी आपलं ताट सोबत घ्यायचं.

सगळ्यात उपयोगी पडले सामुदायिक प्रार्थनेतले सोबती. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या महाप्रसादाला त्यांनी यांना जेवायला नाही, वाढायला बोलावलं. राबल्यावर घास उतरतो, हे त्या मंडळींना बरोबर ठाऊक होतं. वाढप्यांच्या शेवटच्या पंगतीत हे दोनदा भात घेऊन जेवले.

चौथ्या आठवड्यात वजन ५८. गोळ्या सुरू आहेत, फी अजून बाकी आहे. बाई म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी हाय म्हणते जी आता."