नववीला स्थलांतर: चार विषय, पण तक्ता एकच

नववीला भूगोल, गणित, इतिहास आणि मराठी मिळून स्थलांतर कसं शिकवावं, असं विचारलंय. गावाचा एकच तक्ता करा आणि तोच चारही तासांना फिरवा. प्रत्येक विषयानं आपला वेगळा प्रकल्प काढला की पोरं चारदा तोच निबंध उतरवतात.

तक्ता भूगोलाच्या तासाला करायचा. ४० घरं पुरतात. जन्म कुठला, याआधी राहणं कुठं, कधी आले किंवा गेले, कशासाठी, किती महिने, एवढे रकाने. जनगणनेतही जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण हे दोन वेगळे प्रश्न असतात. नुसतं जन्मस्थान विचारलं तर बाहेर राहून परत आलेला माणूस निसटतो. काळ ‘मागच्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत’ असा विचारा. तारखा मागितल्या की म्हातारी माणसं अंदाजानं ठोकून देतात.

हमखास फसगत होते ती कुलूप लागलेल्या घरांपाशी. गडचिरोली-चंद्रपूरकडची कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी तेलंगणात मिरची तोडायला जातात. पाहणी मार्चमध्ये ठेवली की नेमकी तीच घरं बंद, पोरं पुढच्या दाराशी जातात आणि तक्ता म्हणतो, गावातून कोणी जातच नाही. बंद घरालाही क्रमांक द्या, शेजाऱ्याला विचारा. त्यापेक्षा पाहणी पोळ्याच्या आसपासच उरका. तसंच सुनांचं. ‘बाहेरून कोण आलं?’ म्हटलं की लग्न होऊन आलेली बाई कोणी धरत नाही, आणि भारतात बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्नच आहे.

गणितात वृत्तालेख (पाय चार्ट) घ्या. ४० पैकी १८ घरांतून कोणी गेलं असेल तर कोन १८/४० × ३६० = १६२ अंश. छेदात घरं आहेत की माणसं, हे आधी फळ्यावर लिहा. एका घरातून चौघं गेले तर घर एकच, माणसं चार. इथं गोंधळ झाला की सगळे टक्के फसतात.

इतिहास-नागरिकशास्त्राला परदेश शोधत लांब जायची गरज नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत वसवले गेले. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. त्यांच्यासमोर मिरचीवाला मजूर ठेवा आणि राज्यघटनेचं कलम १९ काढा. देशात कुठंही जाण्या-राहण्याचा हक्क त्यात नागरिकाला आहे, परदेशी माणसाला नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हेही इथंच सांगून टाका.

मराठीला एक मुलाखत पुरे. झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या बोलीत, सांगितलं तर झाडीतच उतरवू द्या, प्रमाण करायला लावू नका. विज्ञानाला मात्र ओढूनताणून आणू नये. नवेगाव बांध तलावावरचे पाहुणे पक्षी दाखवून सुरुवात केली की माणसंही ऋतू पाहून उडतात असं डोक्यात बसतं, आणि कर्ज, मजुरी, एकपिकी शेती बाजूला राहते.

वर्गात तक्ता लावताना नावं काढा, फक्त घर क्रमांक ठेवा. कागदपत्रांबद्दल कोणत्याच घरी विचारायचं नाही, बंगाली वस्तीत तर मुळीच नाही. आणि मायबाप बाहेर गेलेल्या पोराला ‘तू सांग’ म्हणून उभं करू नका.