रस्ता डबल केला, मग गाडी तिथंच का अडकते?

(वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं. या वेळी बहुतेक पत्रं ट्रॅफिकचीच आलीत, त्यातली चार घेतोय. नावं छापत नाही, नुसतं गाव देतोय.)

प्रश्न : आमच्या घरासमोरचा रस्ता दोन वर्षं खोदून रुंद केला, दोन लेनचा चार लेनचा झाला, मधे डिव्हायडर, झाडं, सगळं. पहिले दोन महिने मस्त वाटलं आणि आता परत सकाळी नऊला हिंजवडीकडे जाताना सिग्नलला तीन-तीन वेळा हिरवा बघावा लागतो. इथले पुढारी म्हणतात आता फ्लायओव्हरच पाहिजे. खरंच पाहिजे का? – वाकड

दादा, रस्ता रुंद झाला हे खरं, पण चौक रुंद झाला का ते आधी सांगा. बहुतेक ठिकाणी होत नाही, कारण कोपऱ्यावर कुणाचं तरी दुकान असतं, नाहीतर ट्रान्सफॉर्मर, नाहीतर मंदिर.

आता थोडं गणित, घाबरू नका, पाचवीचं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या शहरी रस्त्यांच्या मानकात (१९९० चं आहे) डिव्हायडरवाला चार लेनचा मुख्य रस्ता दोन्ही दिशा धरून तासाला ३,६०० पीसीयू वाहून नेतो, म्हणजे एका बाजूला १,८००. पीसीयू म्हणजे कारच्या हिशोबात मोजलेली गर्दी. कार १, टू-व्हीलर अर्धी ते पाऊण, रिक्षा १.२ ते २, बस २.२ ते ३.७, असं. आता सिग्नलवर या. वेबस्टर नावाच्या ब्रिटिश माणसाने १९५८ मधे एक सोपा हिशोब दिला, तो आपल्याकडेही वापरतात : स्टॉपलाइनवर रस्ता जितके मीटर रुंद, त्याला ५२५ ने गुणा, तेवढे पीसीयू हिरव्या दिव्याच्या अख्ख्या एका तासात सुटतात. तुमच्याकडे समजा ७ मीटर आहे, तर ३,६७५. पण तुम्हाला तासभर हिरवा कोण देतोय? १२० सेकंदांच्या फेरीत तुमच्या बाजूला ३० सेकंद मिळाले तर चौथा हिस्सा, म्हणजे जेमतेम ९२०. मागून रस्ता १,८०० आणून ओततोय आणि पुढे नळ ९२० चा आहे. उरलेले कुठे जाणार, रांगेत उभे राहणार. रस्ता आठ लेनचा करा, नळ तोच राहिला तर रांग फक्त जाडी होते. (आपल्याकडे टू-व्हीलरवाले फटीफटीतून पुढे येऊन उभे राहतात त्यामुळे आकडा थोडा हलतो, पण गोष्ट तीच.)

उलट बघा, फक्त स्टॉपलाइनच्या आधीचे पन्नास-साठ मीटर १०.५ मीटर रुंद केले तर तेवढ्याच हिरव्यात जवळपास १,३८० सुटतात, अर्थात चौकाच्या पलीकडेही त्या तीन रांगा मावायला पाहिजेत. म्हणजे दीडपट, आणि खर्च फ्लायओव्हरच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. पण त्याचं उद्घाटन होत नाही ना, नारळ कशावर फोडणार.

पहिले दोन महिने मस्त का वाटलं तेही सांगतो. तुमच्यासारखे लोक आधी जाम चुकवायला सव्वासातला निघायचे, काही जण आतल्या गल्लीतून जायचे, काही कंपनीच्या बसने. रस्ता मोकळा दिसल्यावर हे सगळे नऊला स्वतःची गाडी काढून त्याच रस्त्यावर आले. नवीन गाड्या नाहीत त्या, जुन्याच आहेत, फक्त लपून बसल्या होत्या.

फ्लायओव्हरबद्दल माझं मत विचाराल तर, एका चौकावरची गाडी उचलून पुढच्या चौकात टाकायची असेल तर खुशाल बांधा. पुण्यात विद्यापीठ चौकातला फ्लायओव्हर आठवतो का, २००६ च्या सुमारास बांधला आणि २०२० मधे लॉकडाऊनमधे पाडला, कारण मेट्रो आणि नवीन दुमजली पूल त्यात बसेना. चौदा वर्षं. एवढ्यात तर माणूस होमलोनही फेडत नाही.

आणि हिंजवडीतलंच उदाहरण घ्या, २०१८ मधे शिवाजी चौकाभोवती पोलिसांनी चक्राकार एकेरी वाहतूक सुरू केली. एक पैशाचं काँक्रीट न ओतता. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात, उजवीकडे वळणं बंद केली की त्यातले बरेचसे पुसले जातात आणि सिग्नलच्या फेऱ्याही कमी लागतात. लोकल लोकांना वळसा पडला, पायी रस्ता ओलांडणाऱ्यांचे हाल झाले, हे पण खरंय, पण विचार बरोबर होता, आधी चौक बघायचा आणि मग रस्ता.

प्रश्न : आमचं गाव २०२१ मधे महापालिकेत आलं. त्याच्या आधीपासून नकाशात आमच्या वाडीतून १८ मीटरचा रस्ता दाखवलाय, दोन्ही बाजूला तो तयार पण आहे, मधे दोनशे मीटरवर एका शेतकऱ्याच्या रानात येऊन थांबतो. सगळी वाहतूक गावठाणातल्या बोळातून. तो माणूस जागा देत नाही म्हणून सगळे त्याला शिव्या घालतात. कायदा काही करू शकत नाही का? – पुण्याच्या पूर्वेकडून

ताई, आधी त्या माणसाच्या बाजूने जरा विचार करू. समजा त्याची दहा गुंठे जमीन आहे, म्हणजे साधारण ३२ बाय ३२ मीटर. त्यातून १८ मीटरचा रस्ता आरपार गेला की निम्म्याहून जास्त जमीन गेली, उरलेल्या दोन पट्ट्यांत धड घर बसत नाही. आणि शेजारच्याचा एक फूट न जाता त्याला फ्रंटेज मिळालं, भाव दुप्पट. तुम्ही दिली असती का? मी तर नसती दिली.

कायद्यात सोय आहे. १९६६ चा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, त्यात जागा घ्यायची तर रोख मोबदला, किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्त बांधकामाची परवानगी), टीडीआर (ते बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क) देता येतो. पण पालिकेकडे रोख नसते आणि शेतकऱ्याला टीडीआरच्या कागदावर भरवसा नसतो, इथंच घोडं अडतं. त्यातून कलम १२७ आहे, विकास आराखडा (शहराचा मंजूर नकाशा, म्हणजे डीपी) लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच उडतं. म्हणून तुमचा आराखडा कोणत्या तारखेचा आहे ते आधी बघा, नुसतं "नकाशात रस्ता आहे" याच्यावर विसंबू नका.

याच्यावरचा खरा उपाय म्हणजे टीपी स्कीम, नगररचना योजना. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळा आखून घ्यायच्या आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे थोडा लहान पण चौकोनी, रस्त्याला लागून असलेला प्लॉट परत द्यायचा. म्हणजे झळ एकट्याला नाही, सगळ्यांना थोडी थोडी. हे काही परदेशी खूळ नाही हां, मुंबई इलाख्यात १९१५ पासून हा कायदा होता. पुण्यात शिवाजीनगर-भांबुर्डा भागातल्या जुन्या कागदांवर "फायनल प्लॉट नंबर" लिहिलेला असतो ना, तो टीपी स्कीमचाच. अहमदाबादने ७६ किलोमीटरचा रिंगरोड करताना याच पद्धतीचा आधार घेतला. आपण मधे ते विसरलो, आता पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) म्हाळुंगे-माणला पुन्हा हात घातलाय.

तुमच्या दोनशे मीटरसाठी अख्खी स्कीम कुणी करणार नाही, पण आजूबाजूच्या पंधरा-वीस खातेदारांनी एकत्र बसून तसा प्रस्ताव दिला तर त्याला वजन येतं. एकट्या माणसाला शिव्या घालून आजवर एकही रस्ता झालेला माझ्या बघण्यात नाही.

प्रश्न : सोसायटीसमोर आम्ही वर्गणी काढून स्पीडब्रेकर केला. आता लोक म्हणतात कंबर मोडते. – नाशिक

मोडणारच. मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे हळूच चढण आणि हळूच उतरण, गाडी २५ च्या स्पीडने आरामात जाते. तुम्ही केलाय तो बहुतेक फूटभर रुंदीचा आणि वीतभर उंचीचा असणार, त्याला गतिरोधक नाही, उंबरा म्हणतात. रात्री पावसात टू-व्हीलरवाला आदळला तर जबाबदारी कुणाची, याचा विचार करा आणि आजच काढा. मग पालिकेकडे लेखी अर्ज, सोबत पट्टे आणि बोर्ड पण मागा.

प्रश्न : आमच्या टाउनशिपच्या मागच्या गेटमधून गेलं तर शाळा तीन मिनिटांवर, फिरून गेलं तर दीड किलोमीटर. कमिटी म्हणते गेट उघडलं की बाहेरच्या गाड्या घुसतील. कोण बरोबर? – ठाणे

दोघंही. पण आधी मंजूर लेआउटची कॉपी काढा आणि तो रस्ता डीपी रोड (विकास आराखड्यातला सार्वजनिक रस्ता) आहे की सोसायटीचा अंतर्गत, ते बघा. डीपी रोड असेल तर त्याला गेट लावायचा अधिकारच नाही, कमिटी कितीही म्हणू दे. अंतर्गत असेल तर फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी छोटं गेट ठेवा, वॉचमन तोच, कार बाहेरच. तुमच्या टाउनशिपमधून रोज दोनशे मुलं शाळेत जात असतील आणि त्यातली निम्मी गाडीने सोडली जात असतील तर तेवढ्या शंभर फेऱ्या जायच्या आणि शंभर यायच्या, सगळ्या त्याच अर्ध्या तासात आणि त्याच चौकात. तो चौक बहुधा पहिल्या प्रश्नातल्यासारखाच आहे.

खात्री करायची असेल तर स्वतः मोजा. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा, सोमवार-शनिवार नको, सकाळी आठ ते दहा, दर १५ मिनिटांनी वेगळा आकडा, टू-व्हीलर, रिक्षा, कार, बस यांच्या वेगळ्या रेघा. आणि शाळा सुरू असताना मोजा, ही चूक मी स्वतः केलीय. एका गावच्या सिग्नलचं मोजमाप मे महिन्यात उरकलं, टायमिंग छान बसवलं, आणि १५ जूनला सकाळी तिथं जे काही झालं त्यानंतर वर्षभर त्या गावात मी चहा प्यायलो नाही. आकडे आले की इकडे पाठवा, गणित पुढच्या अंकात करू.