जुन्या गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर पंधरा दिवसांनी कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही. गळती शोधायची कशी?

गरम इंजिनावर पडलेलं कूलंट तिथेच वाळतं, म्हणून फरशी कोरडी राहते. सकाळी गार इंजिनावर टॉर्च मारून वाळलेले पांढरे-हिरवे डाग शोधा: होजच्या (रबरी नळ्यांच्या) क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा आणि मुख्य म्हणजे कूलंट फिरवणारा वॉटर पंप. पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथूनच ओघळ येतो. माझ्या २००७ च्या गाडीला मेकॅनिकने आधी रेडिएटर बदलला, मग दोन होज. चोर निघाला पंप!

म्हणून आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून पंधरा मिनिटं दाब दाखवणारा काटा बघायचा. झाकणही तपासा, त्याचं रबर कडक झालं की कूलंट बाहेर फेकलं जातं. काटा पडतोय पण बाहेर कुठेच ओल नाही? मग डाव्या सीटपुढचं मॅट उचला. चिकट ओल आणि गोडसर वास असेल तर गळती हीटर कोअरची (गाडीच्या आत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरची). गरम इंजिनालाही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय घ्या, आणि गाडी चालवू नका.

गळती बुजवणारी बाटली ओतू नका, हीटर कोअर तुंबतो. आणि गरम असताना झाकण अजिबात उघडायचं नाही.